आईचं सोडियम ११६ आलं तेव्हा

वाघूरकाठ
रविवार, सकाळी ६:४०

अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की जळगावात आमच्या लॅबमध्ये 'इलेक्ट्रोलाइट्स'च्या चिठ्ठ्या वाढायला लागतात. पारा ४५ च्या आसपास गेला की रोजच्या दहाच्या वीस होतात. मी १९ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ट्यूब फिरवायची, वर आलेलं पिवळसर सिरम काढायचं, मशीनला लावायचं. दोन मिनिटांच्या आत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असे तीन आकडे हातात येतात. हजारो माणसांचे आकडे मी असे लिहून दिले असतील. गेल्या वर्षी याच महिन्यात त्यातली एक ट्यूब माझ्या आईची होती.

आई ७१ वर्षांची, गावाकडे असते. चार वर्षांपासून बीपीची गोळी सुरू आहे, त्या गोळीतच लघवी जास्त करवणारं औषध (थायझाइड जातीचं) मिसळलेलं होतं. बीपी निघालं तेव्हापासून तिनं मीठ जवळजवळ सोडलं. अळणी वरण, अळणी भाजी. उन्हाळ्यात तिची भूक मरते, मग दोन्ही वेळेला चहात बुडवून टोस्ट. त्यात कोणीतरी मोबाईलवर पाठवलं, उन्हाळ्यात रोज पाच लिटर पाणी प्या. आईनं ते मनावर घेतलं. माठाशेजारी तांब्या ठेवून ती मोजून पाणी प्यायची आणि मला फोनवर सांगायची, "आज सात तांबे झाले रे." मी म्हणायचो, शाब्बास. हे मी म्हटलेलं आहे, म्हणून हा धागा लिहितोय.

मे महिन्यात अंगणात बिबडे (ज्वारीचे पापड) चालले होते. शेजारच्या दोघी-तिघी मदतीला. खाटेवर ओलं धोतर पसरलेलं आणि त्यावर आई हातानं बिबडे थापत होती. चाळीस वर्षं ती हे काम करतेय, डोळे मिटून करेल. त्या दिवशी ती धोतराच्या कडेपर्यंत आली, आणि तिथून पुढचा बिबडा तिनं सरळ खाली फरशीवर थापला. मग त्याच्या शेजारी दुसरा. शेजारच्या काकूंनी हटकलं तर ती त्यांच्याकडे बघून माझ्या मावशीच्या नावानं बोलायला लागली. मावशी जाऊन बारा वर्षं झाली.

ऊन लागलं असेल म्हणून गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथं "अशक्तपणा आहे" म्हणून बाटली लावली. मी पोचलो तेव्हा बाटली संपत आली होती. तिच्यावर लिहिलं होतं ५ टक्के डेक्स्ट्रोज. म्हणजे पाणी आणि साखर. साखर शरीर वापरून टाकतं, मागे उरतं निव्वळ पाणी. आईला उलटीसारखं होत होतं, डोकं दुखत होतं, चालताना तोल जात होता. कोणी म्हणालं, वय झालं आता. कोणी म्हणालं, लकवा असेल. मी रक्त काढलं, मोटारसायकलवर जळगावला आलो आणि स्वतः मशीनला लावलं.

११६.

मी कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असा नमुना) लावून बघितला. पुन्हा तीच ट्यूब लावली. ११५. पुन्हा ११६. नॉर्मल १३५ ते १४५. १२० च्या खाली आकडा आला की आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही, आधी डॉक्टरांना फोन करतो. मी तो फोन माझ्या भावाला केला आणि सांगितलं, गाडीत घाल आणि निघ.

आता हे का होतं ते मला जमेल तसं सांगतो. इथं डॉक्टर मंडळी आहेत, चुकलं तर दुरुस्त करा.

सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेरच्या पाण्यात असतं. पाणी नेहमी कमी खारटाकडून जास्त खारटाकडे जातं. रक्त पातळ, फिकं झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. हाताची पेशी फुगली तर जागा आहे. मेंदूला कवटीत जागा नाही. म्हणून पहिली खूण डोक्याची: डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, तोल जाणं, पुढे आकडी, बेशुद्धी. उन्हात पाणी न पिता राबलेल्या माणसाचं याच्या उलट होतं, पाणी जातं आणि सोडियम १५५, १६० वर चढतं. तेव्हा पेशी आक्रसतात. तोही माणूस गोंधळतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात आणि उपाय दोघांचे उलटे. रक्त तपासल्याशिवाय अंदाजानं बाटली लावू नका हे मी इतक्या कळकळीनं म्हणतो ते याचसाठी.

आणि एक गोष्ट मला आई आजारी पडेपर्यंत नीट कळली नव्हती. जास्तीचं पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला थोडं मीठ आणि अन्नातल्या प्रथिनांपासून तयार होणारा युरिया लागतो. नुसतं पाणी ते हवं तितकं बाहेर टाकू शकत नाही. जेवण टोस्टवर आलेलं, मीठ बंद, गोळी वरून सोडियम लघवीवाटे काढतेय, आणि सात तांबे पाणी आत. चारही बाजूंनी एकच आकडा खाली ओढला जात होता.

जळगावच्या हॉस्पिटलात तिला ३ टक्क्यांचं सलाईन अगदी थेंबाथेंबानं दिलं. मी घाईवर आलो होतो, लवकर भरून काढा म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवायचं नाही. सोडियम हळूहळू उतरलेलं असतं, मेंदूच्या पेशींनी तेवढ्याशी जुळवून घेतलेलं असतं. एकदम वर नेलं तर मज्जातंतूंचं आवरण सोलून निघतं आणि माणूस कायमचा लुळा पडू शकतो. दर सहा तासांनी रक्त. ते सगळे नमुने मीच लावले. ११९, १२२, १२४. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बिबडे वाळले का?"

घरात म्हातारं माणूस, बीपीची गोळी आणि अळणी जेवण असेल तर या उन्हाळ्यात एकदा सोडियम-पोटॅशियम बघून घ्या. तुमचे अनुभव लिहा.


गँग_नंबर_चार
रविवार, सकाळी ८:०५

दादा, वाचून अंगावर काटा आला. आई आता बऱ्या आहेत ना?

मी भुसावळचा, रेल्वेत ट्रॅकवर आहे. मे महिन्यात दुपारी रुळाला हात लावून बघा, फोड येतो. पाच लिटरचा कॅन दोन वाजेपर्यंत रिकामा होतो. घाम इतका की शर्टावर पांढऱ्या रेघा उमटतात. आणि रात्री झोपेत पोटऱ्यांत असे गोळे येतात की उठून भिंतीला पाय लावून उभं राहावं लागतं. पाणी तर भरपूर पितो. मग गोळे का?


वाघूरकाठ
रविवार, सकाळी ९:३०

दादा, त्या शर्टावरच्या रेघाच तुमचं उत्तर आहेत. एका लिटर घामात माणसागणिक साधारण सव्वा ते साडेचार ग्रॅम मीठ जातं. सपाट चहाचा चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम. आठ तासांत चार-पाच लिटर घाम गाळलात आणि बदल्यात नुसतं पाणी घेतलंत तर हिशोब तुटीचा. गोळे येण्यामागे स्नायूंचा थकवाही असतो, सगळा दोष मिठाला देऊ नका. पण शिदोरीत भाकरी, ठेचा, कांदा आणि सोबत मीठ घातलेलं ताक असेल तर बरीच भरपाई जेवणातूनच होते. ताकात पोटॅशियम आणि कॅल्शियमही येतं.

अजून एक. गड्याला ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. या काळात अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि घामातलं मीठ कमी होत जातं, शरीर ते वाचवायला शिकतं. म्हणून नव्यानं लागलेला किंवा लांब सुट्टीवरून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात कोसळतो. तुमच्या गँगमध्ये असं कोणी असेल तर त्याला पहिले काही दिवस दुपारचं जड काम देऊ नका.

आईचं नंतर लिहितो.


सात_बारा
रविवार, सकाळी १०:१५

आमची रावेर पट्ट्यात केळी आहे. तुमचं वाचून एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो.

केळीला सगळ्यात जास्त भूक पोटॅशची. बाग पोटॅशला उपाशी राहिली की आधी जुनी पानं कडेनं पिवळी पडतात, मग करपतात, घड हलका येतो. तेव्हा आम्ही ठिबकमधून पांढरं पोटॅश सोडतो. पोत्यावर म्युरेट ऑफ पोटॅश लिहिलेलं असतं. परवा नातवाला जुलाब झाले म्हणून जलसंजीवनीची पुडी आणली, मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड. मुलगा म्हणाला, आबा, हे तर आपलंच पोटॅश! खरं का हे? आणि केळ्यात पोटॅशियम असतं म्हणतात, मग घाम आल्यावर दोन केळी खाल्ली की काम झालं का?


रसायनाचे_सर
रविवार, सकाळी ११:४०

आबा, नातवाचं नि मुलाचं दोघांचंही कौतुक. क्षार तोच आहे, पोटॅशियम क्लोराइड. मात्र खताच्या पोत्यातलं खाण्यायोग्य शुद्ध केलेलं नसतं आणि चमचाभर जरी पोटात गेलं तरी हृदयाला धोका, तेव्हा ते शेतातच राहू द्या.

केळ्याचं सांगतो. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सोडियम जवळजवळ शून्य. घामात उलटं, सोडियम भरपूर आणि पोटॅशियम थोडं. म्हणून केळं खा, चांगलंच आहे, पण घामाची भरपाई एकट्या केळ्यानं होत नाही. केळ्यासोबत चिमूटभर मिठाचं लिंबू सरबत घेतलं की जोडी जमली.

मी अमळनेरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. हा धडा मला फार आवडायचा, थोडा लांब लिहितो, राग मानू नका.

मीठ पाण्यात टाकलं की ते सोडियम आणि क्लोराइड अशा विद्युतभारित कणांत सुटतं. हे स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश माणसानं १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडलं. परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं आणि १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. हे सुटे कण वीज वाहतात, म्हणून इलेक्ट्रोलाइट. आपल्या अंगातला प्रत्येक ठोका, प्रत्येक विचार, बोटाची प्रत्येक हालचाल या कणांच्या ये-जा करण्यावर चालते.

पेशीच्या बाहेर सोडियम १४०, आत जेमतेम १० ते १५. पोटॅशियम बरोबर उलट, आत १४० च्या घरात, बाहेर ४. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या भिंतीत एक पंप बसलेला आहे, तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. विहिरीवर मोट चालावी तसा अखंड. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून तो शोधला, १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपण खाटेवर नुसते पडलेलो असतो तेव्हाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा पाचवा ते चौथा हिस्सा या पंपावर जातो. मी वर्गात विचारायचो, दुपारी झोपलेला माणूस काय काम करतो? मुलं हसायची. मग हे सांगायचो आणि वर्ग गप्प व्हायचा.

मज्जातंतूत संदेश जातो तेव्हा दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर येतं, आणि ती लाट पुढे सरकते. स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. याची एक गोष्ट आहे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८० च्या सुमारास बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठोकत ठेवायचा प्रयत्न करत होते. एकदा ते छान तासन्‌तास चाललं. मग कळलं की द्रावण बनवताना ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाण्यातलं मीठ वापरलं की हृदय थांबायचं. आज दवाखान्यात जी 'आरएल'ची बाटली लावतात तिच्यातला आर म्हणजे हेच रिंगर. लॅक्टेट नंतर अमेरिकेच्या हार्टमन यांनी घातलं.


वाघूरकाठ
रविवार, दुपारी १२:१०

सर, तुमच्या पंपाला जोडून आमच्या कामातली एक गोष्ट. खेड्यावरून रक्ताचा नमुना येतो तेव्हा काही जण काळजीपोटी ट्यूब थेट बर्फात खोचून आणतात. थंडीनं पंप मंदावतो, पेशींतलं पोटॅशियम हळूहळू सिरममध्ये झिरपतं आणि रिपोर्ट ६ च्या वर येतो. माणूस ठणठणीत, रिपोर्ट घाबरवणारा. सुई नीट न लागता रक्त ओढून ओढून काढलं, तांबड्या पेशी फुटल्या, तरी तसंच होतं. सिरम लालसर दिसलं की मी नमुना परत मागवतो. लोक चिडतात, पुन्हा टोचायचं म्हणून. पण चुकीच्या आकड्यावर औषध सुरू होण्यापेक्षा एक टोचणी परवडली.


पांझरेकाठची_डॉक्टर
रविवार, दुपारी ३:२०

धुळ्यात फिजिशियन म्हणून काम करते. धागाकर्त्या दादांनी लिहिलेलं बरोबर आहे, दुरुस्ती काही नाही. फक्त दोन गोष्टी जोडते, कारण हा धागा वाचून कोणी उद्यापासून मुठीनं मीठ खायला लागू नये.

रोजचं मीठ एकूण पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बीपीच्या आणि निरोगी माणसालाही लागू आहे. आपल्याकडे पापड, लोणचं, शेव, ठेचा मिळून ती सहज ओलांडली जाते. उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्याचा हिशोब वेगळा आणि कूलरसमोर बसणाऱ्याचा वेगळा. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. गोळी स्वतःहून बंद करू नका. काकूंसारख्यांच्या बाबतीत डॉक्टरांना गोळी बदलावी लागते, मीठ वाढवणं हा एकट्यानं उपाय नसतो.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची, आणि ती मला जास्त भीतीची वाटते. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाच या अरुंद पट्टीत असावं लागतं. शरीरातलं ९८ टक्के पेशींच्या आत, रक्तात अगदी थोडं, म्हणून रक्तातला लहानसा बदलही हृदयाला जाणवतो. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले. पायात त्राण नाही, नाडी ३८. ईसीजीत टी लाटा तंबूच्या टोकासारख्या उंच. पोटॅशियम ७.४. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देऊन आधी हृदय सांभाळलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकललं, मग डायलिसिस. घरच्यांना विचारत गेले. मधुमेह जुना, मूत्रपिंड थोडं मंदावलेलं, बीपीला टेल्मिसार्टन. हे सगळं आधीपासूनच होतं. नवीन काय? मुलानं प्रेमानं 'लो सोडियम' मीठ आणलं होतं. त्या मिठात सोडियम कमी करून जागा भरलेली असते पोटॅशियम क्लोराइडनं. निरोगी माणसाचं मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या पोटॅशियम अडवून धरतात. तिघं एकत्र आले.

ते मीठ वाईट नाही, पुष्कळांना त्यानं बीपीला फायदा होतो. पण मूत्रपिंडाचा त्रास किंवा यातली गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. शहाळ्याचं पाणीही अशा माणसानं जपूनच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी.


खापरावरचे_मांडे
रविवार, सायंकाळी ५:०५

वाचनखूण साठवली. सासूबाईंना टेल्मिसार्टनच सुरू आहे आणि ओट्यावर तेच मीठ आहे. डबा आत्ताच वरच्या फळीवर ठेवला, उद्या डॉक्टरांना विचारते. ताई, मनापासून आभार.


जुनं_खोड
रविवार, सायंकाळी ६:३०

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. आमचे वडील ८९ वर्षं जगले. मे महिन्यात नांगरट करायचे, पायात वहाण नसायची. त्यांना ना सोडियम ठाऊक ना पोटॅशियम. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, कांदा, मिरची, तांब्याभर ताक. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. आता प्रत्येक गोष्टीला रिपोर्ट. माणूस निसर्गानं जगायचं विसरला म्हणून ही वेळ आली असं वाटतं.


वाघूरकाठ
रविवार, रात्री ८:५०

काका, तुमच्या वडिलांच्या ताटात सगळं होतं. डाळीत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, ताकात कॅल्शियम, ठेच्यात मीठ, आणि तहान लागेल तेवढं पाणी. तहान हा फार शहाणा मोजमापी आहे, रक्त एक-दोन टक्क्यांनी घट्ट झालं की तो जागा होतो. त्यांना लघवीची गोळी नव्हती आणि मोबाईलवर पाच लिटरचा हुकूम येत नव्हता. तुमचं म्हणणं मला पटतं.

पण काका, माझे आजोबा त्याच काळातले. एका मे महिन्यात शेतातून आले, ओट्यावर बसले, बडबड करायला लागले आणि संध्याकाळी गेले. घरात अजूनही "त्यांना बाहेरचं लागलं" असं सांगतात. अंग तव्यासारखं तापलं होतं असं आजी सांगायची. मला आता वाटतं तो उष्माघात असावा. तेव्हा कोणी अंगावर पाणी ओतून वारा घातला असता, बगलेत-मानेला बर्फ लावला असता, तर कदाचित राहिले असते. कोणी मोजत नव्हतं म्हणून किती जण असे गेले ते कळलंच नाही. खिशातल्या कांद्यानं अपाय नाही, पण माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि अंग भाजतंय, तर कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, अंग थंड करा आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं.


जुनं_खोड
रविवार, रात्री ९:१५

आजोबांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याही वाड्यात असे दोन जण गेलेले आठवतात, देवीचा कोप म्हणायचे. मी मत मागे घेत नाही, पण तुझं म्हणणं मान्य.


डोंगरातली_आशा
सोमवार, दुपारी १:३०

मी धडगावकडे आशा आहे. रेंज मिळाली की वाचते. इथं सगळे उन्हाबद्दल लिहितायत, मी जुलाबाबद्दल लिहिते, कारण आमच्या पाड्यांवर लेकरांचं मीठ-पाणी जुलाबात जातं आणि ते घामापेक्षा फार लवकर जातं. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी डोळे खोल गेलेलं, पोटाची कातडी चिमटीत धरली तर सुरकुती तशीच राहते.

जलसंजीवनीची पुडी आम्ही घरोघर देतो. पण देऊन भागत नाही. एका घरी मी बघितलं, आईनं अख्खी पुडी स्टीलच्या पेल्यात कालवली, पोरगं लवकर बरं व्हावं म्हणून. ते पाणी समुद्रासारखं झालं. असं पाजलं तर सोडियम एकदम चढतं, जुलाब वाढतात, आकडी येऊ शकते. दुसऱ्या घरी पुडी पुरवून पुरवून वापरत होते, रोज चिमूटभर. त्यानं काही फायदा होत नाही. आता मी पुडीसोबत एक लिटरची रिकामी बाटली घेऊन जाते. त्यांच्याच घरातल्या हंड्यात बाटलीभर पाणी ओतते आणि पाणी जिथं पोचतं तिथं कोळशानं रेघ मारते. त्या रेघेपर्यंत पाणी, एक अख्खी पुडी, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. एक चमचा, थांबायचं, एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या वरच्या लेकराला २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी १४ दिवस. रक्त पडत असेल, पोर सुस्तावलं असेल, काही पोटात ठरत नसेल तर लगेच दवाखान्यात.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. चाखून बघायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. लागलं तर टाकून परत करायचं.


रसायनाचे_सर
सोमवार, दुपारी ४:००

ताई, हंड्यावरची कोळशाची रेघ मी आयुष्यात विसरणार नाही. तुम्हाला नमस्कार.

त्या पुडीत साखर का, हे सांगतो. आतड्याच्या भिंतीत एक दार आहे, ते सोडियम एकट्याला घेत नाही, ग्लुकोज सोबत असेल तर दोघांना मिळून आत घेतं, आणि त्यांच्या मागे पाणी येतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली हे मांडलं. पटकीत (कॉलऱ्यात) आतड्याची बाकीची व्यवस्था कोलमडते, पण हे दार चालू राहतं. म्हणून साखर इथं औषधाइतकी महत्त्वाची, गोडीसाठी नव्हे. २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. कणांच्या मोजणीत लिटरला सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोजही ७५, जोडीला जोडी.

आणि हे लोकांपर्यंत पोचवणारा माणूस आपला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालच्या सीमेवर बनगावला आले. पटकीची साथ. जमिनीवर ओळीनं माणसं, सलाईनच्या बाटल्या संपलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या आणि ते पाणी नातेवाइकांच्या हातून पाजलं. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. २०२२ साली ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असायला हवा असं मला फार वाटतं.


गँग_नंबर_चार
सोमवार, रात्री ९:४०

सर, ताई, मी हे जेवणाच्या सुट्टीत गँगमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. एक विचारायचं आहे. मेडिकलवर फळांच्या चवीचे जे खोके मिळतात तेही हेच ना? आम्ही तेच घेतो, थंडगार असतात.


पांझरेकाठची_डॉक्टर
सोमवार, रात्री १०:२५

ते वेगळे, दादा. त्यातल्या बऱ्याच पेयांत साखर जास्त आणि सोडियम फार कमी असतं. जुलाबाच्या लेकराला जास्त साखरेचं पेय दिलं तर आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ओआरएस (म्हणजे जलसंजीवनी) हे शब्द वापरायला एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी अनेक वर्षं लढत होत्या. घेताना मागची बाजू वाचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा. पुडी स्वस्त असते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तुमच्यासाठी ट्रॅकवर मीठ-जिऱ्याचं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी छान. फार घामाच्या दिवशी पुडीही चालेल, एका लिटरला एक.


सात_बारा
मंगळवार, सकाळी ७:१०

आमच्याकडे आज कापणी आहे. बांधावर पाण्याच्या टाकीशेजारी ताकाचा ड्रम ठेवला. घड वाहणारी पोरं पहिल्यांदा लाजत होती, आता रांग लागलीय. नवीन आलेल्या दोघांना दुपारी सावलीत पॅकिंगला बसवलं.

काकूंचं लिहायचं राहिलं, दादा.


वाघूरकाठ
मंगळवार, रात्री ८:३०

आबा, लिहितो. आई बरी आहे. गोळी बदलली, आता लघवीच्या औषधाशिवायची आहे. जेवणात डॉक्टरांनी सांगितलं तेवढं मीठ, एका वेळी अर्धी का होईना भाकरी आणि वाटीभर डाळ. पाणी तहानेप्रमाणे. पहिले दोन महिने दर पंधरवड्याला मी रक्त काढत होतो, आता तीन महिन्यांनी काढतो. परवाचं १३८, पोटॅशियम ४.२.

काल गावी गेलो होतो. कैऱ्या उकडून ठेवल्या होत्या. पन्हं करताना तिनं मिठाचा चमचा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "तू बघ बरं, इतकं चालेल?" मी चमच्यावरून बोट फिरवून सपाट केलं. बोटाला लागलेलं तिनं झटकू दिलं नाही, म्हणाली, ते पातेल्यातच टाक. अंगणात खाटेवर धोतर वाळत होतं. या वर्षीचे बिबडे उद्या आहेत, शेजारच्या दोघीही येणार आहेत, आणि मी सुट्टी टाकली आहे.